हौसेची वाट

दिवाळीच्या सुमारास घरात येणाऱ्या नव्या वस्तूंमध्ये हल्ली एका वाहनाची भर पडली आहे. जाड दातेरी टायरांची, पुढच्या चाकाला स्प्रिंगा बसवलेली, गुळगुळीत डांबरापेक्षा दगडधोंड्यांवर अधिक खुलणारी अशी ही सायकल असते. तिला डोंगरी सायकल म्हणतात, आणि नावाप्रमाणेच तिला डोंगर लागतो. आमच्या सावंतवाडीकडची मुले ती घेऊन आंबोलीचा घाट चढतात. बेळगाव, कोल्हापूर, गोवा इकडूनही हौशी मंडळी येतात. पण घाटमाथा गाठला की त्यांतल्या काहींना रस्ता पुरत नाही. त्यांना रानातली पायवाट खुणावू लागते, आणि पायवाट संपली की सडा. तेव्हा माझ्यासारख्या शाळामास्तराच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: केवळ हौसेखातर रानातून वाट काढण्याचा माणसाला हक्क आहे काय?

प्रश्न ऐकून कुणी हसेलही. ज्या घाटातून रोज शेकडो मोटारी धूर सोडीत जातात, पावसाळ्याच्या रात्री ज्यांच्या चाकांखाली बेडूक आणि साप चिरडले जातात, तिथे बिचाऱ्या सायकलीला जाब विचारायचा? या हसण्यात तथ्य आहे. सायकल धूर सोडीत नाही, भोंगा वाजवीत नाही, आणि चढ आला की स्वाराचा घाम काढल्याशिवाय राहत नाही. सुख हवे असेल तर आधी श्रम मोजा, असा रोखठोक व्यवहार आजच्या किती करमणुकींत उरला आहे?

या खेळाचा जन्मही गमतीचाच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, वजनदार सायकली घेऊन मातीच्या उतारांवरून भरधाव उतरत असत. १९७६ मध्ये तिथे त्यांची शर्यत सुरू झाली. एका उतारात मागच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. तेव्हा वेगाचा आनंद या खेळाच्या हाडीमासी आहे. त्या आनंदाला मी पाप म्हणणार नाही. कारण नसताना घसरगुंडीवरून खाली येणारे पोर पाहून ज्याला आनंद होत नाही, त्याने शाळेत शिकवू नये.

पण आंबोली म्हणजे घसरगुंडी नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेल्या या गावावर वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इथे गुहेतून उगम पावणारी हिरण्यकेशी नदी अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि घटप्रभेला, पुढे कृष्णेला मिळून थेट पूर्वेच्या समुद्राकडे जाते. तिच्या उगमाजवळच्या महादेवाच्या मंदिराच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली. २०२० मध्ये तिला हिरण्यकेशीचेच नाव मिळाले, आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एका देवळाच्या कुंडाएवढे ज्याचे जग, असाही एखादा जीव असू शकतो, हे आपण शहाण्या माणसांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

सड्याचेही तसेच. उन्हाळ्यात जांभ्या दगडाचा सडा करपलेल्या भाकरीसारखा दिसतो. पहिला पाऊस पडला की त्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साठते, आणि त्या उथळ पाण्यात एक लहानसा भेक अंडी घालतो. अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याला 'टायग्रिना' असे नाव दिले. त्याचा मुलूख म्हणजे आंबोली आणि आसपासची थोडी ठिकाणे, एवढाच. अशा खळग्यातून एखादे दातेरी चाक गेले, तर स्वाराला पाण्याचे चार शिंतोडे उडाल्याचे तेवढे कळेल. खळग्यात काय होते आणि काय गेले, ते त्याला कळणारही नाही.

मातीची गोष्टही निराळी नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबून चाक घसरले की एक रेघ उमटते. आंबोलीचा पाऊस त्या रेघेतून वाहू लागतो आणि रेघेची चर होते. मग पुढचा स्वार चिखल टाळण्यासाठी बाजूच्या गवतातून जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने. एका माणसापुरती वाट अशी गाडीवाटेएवढी रुंद होते, आणि त्यात कुणाचाच म्हणून दोष दाखवता येत नाही.

हे सारे मी एकदा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितले. तो स्वतः सायकलवाला. म्हणाला, "गुरुजी, गुरांच्या खुरांनी वाट झिजत नाही का? गावकऱ्यांच्या पायांनी झिजत नाही? मग आमच्याच चाकांवर डोळा का?"

युक्तिवाद बिनतोड वाटला, पण त्याचे उत्तर त्याच परिसरातल्या एका वृद्ध बाईच्या तोंडून मी पूर्वीच ऐकले होते. डोक्यावर मोळी घेऊन ती उभी होती आणि समोरून सायकली चालल्या होत्या. ती म्हणाली, "ह्येंका खेळूक रान गावता, आमी मोळी आणूक गेलाव तर इचारतत." आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतला कबुलायतदार गावकरांच्या जमिनींचा प्रश्न कित्येक दशके गाजला आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन आपली म्हणावी की नाही, या विवंचनेत जी माणसे जगली, त्यांच्या वाटेवरून आपण मौजेसाठी जातो. ती वाट सरपणाची आहे, गुरांची आहे, देवाला आणि माहेराला जाण्याची आहे. ती गरजेने पडलेली आहे.

गरज आणि हौस यांत मला दिसतो तो फरक हा. गरजेला थांबता येत नाही, हौसेला येते. चूल आज पेटायची असते. गुराला आज चारा लागतो. सायकलस्वाराचा आनंद मात्र चार महिन्यांनी शिळा होत नाही. म्हणून थांबण्याचे कर्तव्य हौसेकडे येते. हा हौसेचा कमीपणा नव्हे. ज्याच्या हाती सवड आहे त्याच्यावर जबाबदारी अधिक, हा घरातला साधा न्याय आहे. पंगतीत आधी मुले-म्हातारी जेवतात, धडधाकट माणसे मागून बसतात, आणि त्यात त्यांचा अपमान झाला असे कुणी मानीत नाही.

दूर न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हा न्याय नियमांत उतरला आहे. त्या किनाऱ्याच्या दक्षिण भागात फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या पावसाळी अरण्याच्या दिशेने उतरलेल्या आहेत, आणि आता त्या मागे सरत चालल्या आहेत. उत्तरेकडे अशाच ओल्या अरण्यातून हीफी नावाची सुमारे ७८ किलोमीटरची पायवाट जाते. तिच्यावर सायकलींना वर्षातले ठरावीक महिनेच मोकळीक आहे. पायी चालणाऱ्यांच्या गर्दीच्या हंगामात नाही. रात्री तर सायकल चालवायचीच नाही, कारण तिथल्या मोठ्या गोगलगायी आणि किवी पक्षी अंधारातच बाहेर पडतात. गोगलगायीसाठी वेगाने थांबावे! मला तर ही बोधकथाच वाटते. आणि एवढे नियम पाळूनही लोक दूरदूरहून तिथे सायकली घेऊन जातात. त्यांचा आनंद आटलेला नाही.

आपल्याकडे असा नियम कुणी करील तेव्हा करो. तोवर प्रत्येकाला स्वतःपुरता तो करता येईल. पावसाळ्यात घाटाच्या रस्त्यावर हवे तितके भिजावे, पण सड्यावर चाक घालू नये. पडलेली वाट सोडून नवी पाडू नये. समोरून मोळी आली तर आपण उतरून बाजूला व्हावे, घंटी वाजवू नये. आणि ज्या गावात जाऊ, तिथल्या माणसांना विचारून रानात शिरावे. कारण रान सरकारचे की गावाचे हा वाद चालू असला, तरी ते आपले नव्हे एवढे नक्की.

यंदाच्या दिवाळीत ज्या घरी ही सायकल आली असेल, तिथल्या वडीलधाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलाला गियर कसे बदलावे ते दुकानदार शिकवील. ब्रेक कुठे आणि कुणासाठी दाबावा, ते मात्र घरच्यांनीच शिकवावे.