बिनविरोध

महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघांची यादी ज्याच्या नावाने सुरू होते तो आमचा नंदुरबार. विधानसभेच्या यादीतही पहिला मान अक्कलकुव्याचा, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्याचा. आणि त्या अक्कलकुव्यात, सातपुड्याच्या उत्तर उतारावर, सरदार सरोवराचे पाणी जेथे डोंगरांच्या कुशीत शिरले आहे तेथे, मणिबेली नावाचे जे गाव आहे, त्याचे मतदान केंद्र सबंध राज्यात पहिल्या क्रमांकाचे. क्रमांक पडतो तो भूगोलाने. त्यात थोरवी काही नाही. परंतु निवडणुकीच्या आदल्या दिवशी मतदानाचे यंत्र मांडीशी घट्ट धरून नर्मदेतून होडीने निघालेले कर्मचारी पाहिले, म्हणजे राज्यातील या पहिल्या मतापर्यंत पोहोचण्यासाठी सरकारला एवढे सायास पडतात, मग ते मत देणाऱ्याला नेमके काय विचारले गेले होते, हा प्रश्न माझ्यासारख्या रिकामटेकड्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

तो प्रश्न मला पहिल्यांदा सुचवला तो मात्र एका हमालाने. २०१९ चा मार्च होता, बालाकोटचा हल्ला होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. शहराबाहेर लाल मिरचीच्या पथारी पसरल्या होत्या. नाकातोंडाला पदर गुंडाळून बायका देठ खुडीत बसल्या होत्या, आणि ठसक्याने सर्वांचेच डोळे पाणावलेले असल्यामुळे कोण कशाने गहिवरला आहे हे ओळखण्याची सोय नव्हती. मुनिमाच्या मोबाइलवर बातम्यांचा कल्लोळ चालला होता: किती मेले, पुरावा मागणारे कोणाचे, न मागणारे कोणाचे. पोत्याला टेकून बसलेला म्हातारा हमाल बराच वेळ ऐकत राहिला आणि मग कोणाकडेही न पाहता म्हणाला, ‘लढाईनं आम्हले कोन इचारस, भाऊ?’ मुनीम हसला आणि म्हणाला, ‘आप्पा, आता महिन्याभराने विचारतीलच की.’

मुनिमाचे म्हणणे खरे की हमालाचे, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही. लढाईची मसलत ही रयतेला विचारून करण्याची गोष्ट नव्हे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. १७६० साली परतूरच्या मुक्कामी उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला, तेव्हा राघोबादादांना पाठवावे की भाऊसाहेबांना, यावर खल झाला; ज्यांची माणसे त्या मोहिमेत खपायची होती त्या गावांच्या पाटलांना कोणी खलिता धाडून मत विचारल्याचे ऐकिवात नाही. इंग्रजी अमलात तर विचारायचे नाटकही झाले नाही. १९३९ च्या सप्टेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, ते एकाही लोकनियुक्त मंडळाची संमती न घेता. आणि प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी त्यापायी राजीनामे दिले. त्या न विचारण्याची शेवटची बाकी आमच्या गावाने ९ सप्टेंबर १९४२ रोजी चुकती केली, जेव्हा मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले माणिक चौकात पडली. स्वातंत्र्यासाठी पडली हे तर खरेच. परंतु ते स्वातंत्र्य त्या क्षणी कोणत्या प्रश्नावर अडले होते हे पाहू गेल्यास, दुसऱ्याने पुकारलेल्या युद्धात आमची संमती गृहीत कशी धरली, हाच तो प्रश्न होता.

त्याच सुमारास, १९४० च्या शरदात, अमेरिकेतला मतदार मात्र नेमका हाच प्रश्न हातात घेऊन बसला होता. रूझवेल्ट तिसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे होते, प्रतिस्पर्धी विल्की त्यांना युद्धाकडे ओढणारे म्हणून बोल लावीत होते, आणि रूझवेल्टांनी बॉस्टनच्या सभेत आयाबापांना वचन दिले की तुमची मुले परकीय युद्धांत पाठवली जाणार नाहीत. चौदा महिन्यांच्या आत पर्ल हार्बर झाले. वचन मोडले ते परिस्थितीने, असे म्हणता येईल. पण विल्सन १९१६ साली देशाला युद्धाबाहेर ठेवणारा म्हणून निवडून आले आणि पुढल्या एप्रिलात युद्धात उतरले, जॉन्सन १९६४ साली प्रतिपक्षाला युद्धखोर ठरवून प्रचंड मतांनी विजयी झाले आणि पुढल्या वर्षी व्हिएतनाममध्ये पायदळ उतरले. एकाच शतकात, एकाच देशात, हे तीनदा घडावे याला केवळ योगायोग म्हणवत नाही. १९६० ची गोष्ट आणखी मासलेवाईक. अमेरिका क्षेपणास्त्रांत रशियाच्या मागे पडली आहे, असा गजर करून केनेडी जिंकले. आणि कारभार हाती आल्यावर हिशेब पाहिला तर तफावत होती खरी, पण ती उलट बाजूची, म्हणजे अमेरिका पुढे होती. मतदाराने मोठ्या गांभीर्याने कौल दिला होता. फक्त ज्या गोष्टीवर तो दिला ती गोष्ट अस्तित्वात नव्हती.

परक्या घरचे दाखले देऊन आपण शहाणे ठरत नाही. कारण आपल्या मराठी मुलखातच याहून बोलका दाखला आहे, आणि तो म्हणजे १९६२ च्या फेब्रुवारीतील उत्तर मुंबईची निवडणूक. आमच्या खानदेशाचे राजकारण तेव्हा पेकिंगकडे पाहत नव्हते. १९५७ साली धुळ्याकडून उत्तमराव पाटील हे जनसंघाच्या देशभरातील अवघ्या चार खासदारांपैकी एक म्हणून दिल्लीला गेले, ते मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही या रागापोटी. उत्तर मुंबईत मात्र १९६२ साली लढत जुंपली ती सरळ संरक्षणमंत्र्याच्या कारभारावर. काँग्रेसचे उमेदवार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन. समोर आचार्य कृपलानी, जे स्वातंत्र्य आले त्या वेळी काँग्रेसचेच अध्यक्ष होते आणि ज्यांनी बिहारातला आपला सीतामढीचा मतदारसंघ सोडून, केवळ मेनन यांच्याशी सामना घ्यावा म्हणून, मुंबई गाठली होती. (त्यांच्या पत्नी सुचेताबाई त्याच वेळी उत्तर प्रदेशात काँग्रेसमध्ये होत्या, असल्या संसाराची कल्पना आजच्या पक्षनिष्ठांना झेपणार नाही.)

पार्श्वभूमी साऱ्यांना ठाऊक होती. १९५९ च्या ऑगस्टात लोंगजूला आणि ऑक्टोबरात कोंगका खिंडीत रक्त सांडले होते. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढला होता. सेनापती थिमय्या यांनी मेनन यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला होता आणि पंतप्रधानांच्या भिडेखातर तो परत घेतला होता. आणि १९६१ च्या एप्रिलात कृपलानींनी लोकसभेत मेनन यांच्या कारभाराची कैफियत इतक्या कडक शब्दांत मांडली होती की, त्यांची मुंबईची उमेदवारी ही त्याच भाषणाची पुरवणी वाटावी. म्हणजे सामग्री पुरेपूर होती. लोकशाहीत युद्ध आणि परराष्ट्रधोरण यांचा निवाडा मतपेटीसमोर कसा व्हावा, याचा आदर्श त्या निवडणुकीने घालून द्यायला हरकत नव्हती.

प्रत्यक्षात वाद झाला तो मेनन कम्युनिस्ट आहेत की नाहीत, आणि कृपलानी भांडवलदारांचे प्यादे आहेत की नाहीत, याचा. नेहरूंनी मेनन यांच्यासाठी आपली सारी पुण्याई खर्ची घातली आणि मेननविरोध म्हणजे आपल्या धोरणालाच विरोध, असे समीकरण मांडले. दिलीपकुमार प्रचारात उतरले आणि त्यांना पाहायला गर्दी लोटली. एकीकडून स्वतंत्र पक्ष, जनसंघ यांचे पाठबळ, दुसरीकडून कम्युनिस्टांची सहानुभूती, त्यामुळे चीनपेक्षा शीतयुद्धाचेच दोन तंबू उपनगरांच्या मैदानांवर ठोकले गेले. त्यात गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये दोन दिवसांच्या आत गोवा मुक्त झाला, आणि १९५५ च्या सत्याग्रहातल्या गोळीबाराची जखम ज्यांच्या मनात ताजी होती त्या मराठी माणसांचे मन आनंदाने भरून आले, हे स्वाभाविक होते आणि न्याय्यही होते. माझा आक्षेप एवढाच की, समुद्रकाठच्या, जेमतेम चार हजारांच्या आतबाहेरच्या पोर्तुगीज शिबंदीवर मिळवलेला विजय हा चौदा हजार फुटांवरच्या बर्फातल्या तयारीचा दाखला म्हणून लोकांनी नकळत रुजू करून घेतला. आणि तो कोणी करवून घेतला नसता तरी आपण केला असता, इतकी ती चूक मनुष्यसुलभ आहे.

निकाल लागला. मेनन यांना सुमारे २ लाख ९७ हजार मते, कृपलानींना सुमारे १ लाख ५१ हजार. फरक १ लाख ४५ हजारांहून अधिक, म्हणजे ज्याबद्दल कोणी फिर्याद करू नये असा. आणि आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनने हल्ला केला; ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले.

यावरून उत्तर मुंबईचे मतदार चुकले असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो मान्य नाही. त्यांच्यापुढे जे ठेवले त्यातून त्यांनी निवड केली. जे ठेवायला हवे होते ते दप्तरातच राहिले. १९६१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे प्रचाराचे फलक लागण्यापूर्वीच, वादग्रस्त मुलखात पुढे सरकून ठाणी ठोकायची असा निर्णय दिल्लीत झाला होता. नवी ठाणी उभी राहत असल्याचे पंतप्रधानांनी लोकसभेत सांगितलेही होते, परंतु त्या ठाण्यांना शिधा कोण पोहोचवणार, दारूगोळा किती दिवस पुरेल, जवानांच्या पायांत बर्फाचे बूट आहेत काय, आणि शेजारी एवढा प्रबळ असता आपण कशाच्या भरवशावर पुढे जात आहोत, हा जो खरा मामला होता तो मैदानातल्या सभांत कोणीही आणला नाही. कृपलानींनी सैन्याच्या मनोधैर्याबद्दल आवाज उठवला, तो योग्यच होता. पण तोही शेवटी माणसाविषयीचा होता, ठाण्यांविषयीचा नव्हता. मतदाराने मेनन नावाच्या माणसावर होकार भरला, आणि तो होकार हिमालयातल्या प्रत्येक ठाण्याला मिळाला असे मानले गेले.

म्हणून काही सज्जन म्हणतात, आणि २०१९ सालीही पुष्कळांनी म्हटले, की सैन्य आणि सीमा हे विषय निवडणुकीतून अजिबात काढून टाकावेत. त्या वर्षी निवडणूक आयोगाने सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका असे पक्षांना बजावले होते. तरी लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी नवमतदारांना आपले पहिले मत बालाकोटच्या वीरांना अर्पण करता येईल काय असे विचारले, विरोधकांनी तक्रार केली, आयोगाने आचारसंहितेचा भंग नाही असा निर्णय दिला. शिपायाच्या नावावर मत मागणे मला रुचत नाही, तसेच शिपाई परतण्याआधी त्याच्याकडून पुरावा मागण्याची घाईही रुचत नाही. परंतु विषयच काढून टाका म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, मग तो आणायचा कोठे? पथारीवरच्या आप्पांना पाच वर्षांत दुसरा कोणता दिवस ठेवला आहे?

विषय काढून टाकल्यावर काय होते याचाही नमुना आपल्याच शेजारी आहे. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने युद्धविराम जाहीर केला त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, ही भावना त्या वेळी इतकी खरी होती की आज तिची थट्टा करणे हलकेपणाचे ठरेल. आणि यशवंतरावांनी पुढे सैन्याची घडी बसवण्याचे जे काम केले त्याचे मोल १९६५ साली दिसले. १९६३ साली नाशिकहून ते लोकसभेवर गेले, ते बिनविरोध. विरोधी पक्षांनी उमेदवार दिला नाही. देशावर संकट, माणूस आपला, पक्षभेद बाजूला. मनाचा मोठेपणाच तो. त्या मोठेपणाचे कौतुक करताना माझा हात मात्र थोडा आखडतो. पराभवाला वर्षही धड उलटले नव्हते. चौकशीसाठी नेमलेल्या हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल त्याच १९६३ मध्ये सादर झाला आणि सरकारी मोहरेखाली बंद झाला. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला बराच भाग जगापुढे टाकला तरी सरकारने तो आजतागायत आपल्या हाताने प्रसिद्ध केलेला नाही. संरक्षणमंत्रीच मत मागायला दारी आला असता, ‘साहेब, काय चुकले?’ असे विचारण्याची संधी हिंदुस्थानात एका जिल्ह्याला मिळणार होती, आणि ती औदार्याच्या भरात आपण परत करून टाकली. चव्हाण निवडून आले असतेच, याबद्दल शंका नको. प्रश्न ते निवडून येण्याचा नव्हताच.

त्याच वर्षी उत्तर प्रदेशात अमरोह्याची पोटनिवडणूक झाली. तेथे काँग्रेसने केंद्रीय मंत्री हाफिज महंमद इब्राहिम यांना उभे केले होते, आणि समोर होते उत्तर मुंबईत सपाटून पडलेले कृपलानी. युद्ध होऊन गेले म्हणून कोणी माघार घेतली नाही. प्रचारात चांगले-वाईट सारे बोलले गेले, आणि कृपलानी जिंकले. ऑगस्टमध्ये त्यांनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला, स्वतंत्र भारतातला पहिलाच. दिवसांमागून दिवस चर्चा चालली, आणि ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला. पडणारच होता. परंतु सोळा वर्षांच्या सत्तेने लोकसभेत आरोपीसारखे उभे राहून चीनचा, शिबंदीचा आणि खर्चाचा जबाब दिला, तो अमरोह्यात मतदान झाले होते म्हणून. बोटाला लावण्याची न पुसणारी शाई देशात तोवर आलीच होती. अमरोह्याच्या बोटांवर ती त्या वर्षी लागली, नाशिकच्या त्या पोटनिवडणुकीत बाटलीचे बूच काढण्याची वेळच आली नाही.