उजव्या हाताचा बाण

नाशिक रोडच्या मुक्तिधामात मकराण्याच्या संगमरवरी भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय आहेत आणि मंदिरात बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृतीही. इथे जीपीएस घड्याळ बांधून प्रदक्षिणा घातली, तर पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटते. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून घड्याळ आपली जागा ठरवतं. भिंतींवर आपटून आलेला संदेश ती जागा काही मीटर सरकवतो, आणि छोट्या फेरीत तेवढी चूक फार मोठी होते.

खरी कसोटी त्र्यंबकेश्वरला. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, सुमारे २० किलोमीटरची. पर्वताचा माथा घड्याळात वेपॉइंट, म्हणजे जतन केलेलं ठिकाण, म्हणून नोंदवला तर? हेडिंग म्हणजे चालणारा ज्या दिशेने चालला आहे ती दिशा. बेअरिंग म्हणजे तो उभा आहे तिथून ते ठिकाण ज्या दिशेला आहे ती. दोन्ही उत्तरेपासून अंशांत मोजतात. वर चढणारा गिर्यारोहक हे दोन आकडे जुळवत जातो आणि उरलेलं अंतर घटत जातं. फेरीत तसं होत नाही. हेडिंग हळूहळू ३६० अंश फिरतं, पण माथ्याकडे रोखलेला घड्याळातला बाण बहुतेक वाटभर उजव्या हाताकडेच राहतो. अंतर वळणांनुसार कमीजास्त होतं, शून्य मात्र कधीच होत नाही.

मग पोचणं कशाला म्हणायचं?

ज्येष्ठात याच त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी नाशिक, सिन्नर करत पंढरपूरला जाते. त्या वाटेवर बाण पुढे असतो आणि रोज अंतर सरतं. वारी देवाकडे नेते. प्रदक्षिणा देवाला मुक्कामाचं ठिकाण होऊच देत नाही, त्याला केंद्रस्थानी ठेवून माणसाच्या दिशा बदलत राहते. भक्तीला ही दोन्ही चालणी लागतात, आणि दुसरं अधिक अवघड आहे, कारण त्यात मिळवल्याचा क्षण येत नाही.

मोजण्याशी परंपरेचं वैर नाही. जपमाळेत १०८ मणी असतात, फेऱ्या अकरा किंवा एकवीस बोलल्या जातात. दर फेरीला लॅपचं बटण दाबणं त्याच जातीचं आहे. पेसचं मात्र वेगळं. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली हे तो सांगतो, आणि धावपटूला ती मिनिटं कमी करायची असतात. प्रदक्षिणा मात्र तेलाने काठोकाठ भरलेला घडा नेणाऱ्यासारखी संथ घालावी, असा जुना संकेत आहे.

घड्याळात आधी आखून भरलेली वाट म्हणजे कोर्स, पावलांनी उमटलेली वाट म्हणजे ट्रॅक. दोन्हींत अंतर पडलं की मनगटावर इशारा थरथरतो. परंपरा सांगते, की ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि लहानगा निवृत्ती वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेत पोचला. तिथे मिळालेला उपदेश त्याने ज्ञानदेवांना दिला. इशारा तेव्हाही वाजला असता, आणि खराच ठरला असता: मूल आखलेल्या रेघेपासून दूर गेलं होतं. ते कोणाजवळ पोचलं, हे कळण्याचा मार्ग त्या यंत्रात नाही. तरीही श्रावणातल्या धुक्यात, निसरड्या उतारावर तो इशारा मानावा आणि आल्या पावली परत नेणारी सोय निघण्यापूर्वीच शिकून घ्यावी. गहिनीनाथ भेटावेत म्हणून कोणी मुद्दाम वाट चुकत नाही. निवृत्तीही मुद्दाम चुकला नव्हता.