ऐकू येणे आणि श्रवण

वेदान्तात ज्ञानाची पहिली पायरी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन. नुसता शब्द कानावर पडला तर त्याला श्रवण म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याला थांबता आले पाहिजे, शंका काढता आली पाहिजे, मागे वळता आले पाहिजे. समर्थांनी दासबोधाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नाने केली आणि ग्रंथ २० दशकांत, दर दशकाचे १० समास असा बांधला. हवा तो समास काढून ऐकण्याची सोय त्या बांधणीतच आहे. आज संकेतस्थळावर ‘ऐका’ असे बटण बसवले की अंध वाचकाची व्यवस्था झाली, असे मानले जाते. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते, कारण ती आवाजालाच वाचन समजते.

डोळस माणूस पान पहिल्या ओळीपासून वाचत नाही. मथळ्यांवरून नजर फिरवतो आणि हवे तिथे थांबतो. एनव्हीडीएसारखा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर अंध वाचकाला तीच मोकळीक देतो: ‘एच’ दाबले की पुढचा मथळा. पण मथळ्याची अक्षरे नुसती ठळक केली आणि पानाच्या रचनेत त्याला मथळा म्हटलेच नाही, तर ती कळ दाबून काही सापडत नाही. अर्जातल्या रकान्यांना नावे जोडली नसतील, तर ‘एडिट’, पुन्हा ‘एडिट’ एवढेच ऐकू येते. पिनकोड कुठे भरायचा आणि जन्मतारीख कुठे, हे कळत नाही. मराठीत अडचण आणखी वाढते. स्कॅन करून चढवलेले परिपत्रक यंत्राच्या लेखी एक चित्र असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना स्वच्छ देवनागरी दिसतो, पण यंत्र त्यामागची रोमन अक्षरे बोलत सुटते. हिंदीसाठी घडवलेल्या आवाजाला तर ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या च-चा फरकही ठाऊक नसतो.

काहीच नसण्यापेक्षा आवाज बरा, असे कोणी म्हणेल. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना, नजर मंदावलेल्या वृद्धांना तो खरोखर उपयोगी पडतो, हे मान्य. पण बोटांनी ब्रेल वाचणाऱ्या अंध-बधिर माणसाला त्या आवाजाचा काय उपयोग? त्याला नीट रचलेला मजकूरच हवा. कृत्रिम बुद्धिमत्ता आता चित्रांचेही वर्णन करते, हा दुसरा आक्षेप. आलेखात पाच स्तंभ आहेत, हे ती सांगेल. पण तो आलेख तिथे कशासाठी दिला, हे देणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि ते सांगण्याची जबाबदारी त्याचीच आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्या प्रकरणात एक प्रश्न केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करण्याच्या अटीचा होता. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीला ती सूचना कितीही सुस्पष्ट आवाजात वाचून दाखवली, तरी तिचे खाते उघडत नाही.