गुण कशाचे?

चेन्नईतल्या महाविद्यालयात सत्र संपत आलं की माझ्या टेबलावर संगणकाच्या रेकॉर्ड वह्यांचा गठ्ठा येतो. आखलेले समास, सुवाच्य अक्षरात उतरवलेला प्रोग्रॅम, खाली त्याचं आउटपुट. सही करताना मन विचारतं, हे गुण नेमके कशाचे?

लॅबमधलं चित्र वेगळं असतं. फोनवर सराईतपणे बोटं फिरवणारी मुलगी तासभर टाइप करून फाइल सेव्ह करते आणि मग विचारते, ‘‘मॅडम, फाइल कुठे गेली?’’ फोल्डर म्हणजे काय, हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. चेन्नईतल्याच अड्यारच्या मुलाने ते शाळेत असतानाच घरच्या संगणकावर आत्मसात केलेलं असतं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या २३.४ टक्के शहरी घरांत संगणक होता, ग्रामीण भागात अवघ्या ४.४ टक्के घरांत. विल्लुपुरम जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या मुलीत बुद्धीची कमतरता नाही, तिला सराव मिळालेला नाही. तरीही दोघांना प्रश्नपत्रिका एकच. याला न्याय म्हणायला माझं मन धजत नाही.

तमिळनाडू सरकारने २०११ पासून सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले. फार मोलाचं काम झालं. पण यंत्र हाती आल्यावर शेजारी बसून शिकवायचं कुणी? ही जबाबदारी सरकारवर ढकलून मला मोकळं होता येणार नाही. पगार मी त्याच कामाचा घेते.

मग अडतं कुठे? खरं सांगायचं तर माझ्या घाईत. अभ्यासक्रम संपवायचा असतो. मुलगी अडखळली की तिच्या हातातला माउस घ्यावा आणि दोन क्लिकमध्ये काम उरकावं, अशी ऊर्मी येते. त्यात मदतीचा भाव असतो, तशी माझी सोयही असते. काम होतं, तिचा हात मात्र बसत नाही. उलट ‘मला हे जमणार नाही’ ही समजूत पक्की होते.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक साक्षरता अभ्यासक्रमाने २००१ पासून लाखो लोकांना संगणकासमोर बसवलं. तिथल्या शिक्षकालाही हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागेल: विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन गेला, की काम शिकून गेला?

शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. पहिल्या वर्षाचे पहिले काही तास केवळ सरावासाठी राखून ठेवा. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला त्या तासांत पुढच्या बाकावर बसवा. तो चुकत असेल तर चुकू द्या, आणि आपले हात मागे ठेवा.