जांबवंतांचं काम



सत्संगात एक प्रश्न नेहमी निघतो. आपण म्हणतो ‘मीपणा सोडा’, आणि मुलांना सांगतो ‘स्वतःवर विश्वास ठेवा’. मग खरं काय?

समुद्रकाठचा प्रसंग आठवा. वानरसेना हताश बसली होती. अंगात शक्ती असून मारुतिराय गप्प होते. जांबवंतांनी त्यांना बालपणी सूर्याकडे घेतलेल्या झेपेची आठवण दिली. ती खोटी स्तुती नव्हती, घडलेली गोष्ट होती. आणि लंकेहून परतल्यावरही मारुतिराय रामाचे दासच राहिले. आत्मविश्वास आला म्हणजे अहंकार आलाच, असं नाही.

१९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी सांगितलं, की ‘मला जमेल’ ही भावना सर्वांत जास्त वाढते ती स्वतः पार पाडलेल्या कामातून. दुसऱ्यांच्या शाबासकीचा परिणाम त्यामानाने कमी. पुढे १९८१ मध्ये बेट्झ आणि हॅकेट या दोघींनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींचा अभ्यास केला. कुवतीत खास फरक नव्हता, पण पुरुषांचे समजले जाणारे व्यवसाय आपल्याला जमतील ही खात्री मुलींना कमी होती. मग त्या वाटांचा विचारही कमी.

आपल्या घरांत वेगळं काय चालतं? ‘एकटी पुण्याला कशी राहशील?’ ‘गणित तुझ्या डोक्यात शिरतच नाही.’ बोलतो काळजीपोटीच. पण त्यामुळे मुलगी नापास होत नाही, ती फॉर्मच भरत नाही! तिचं नुकसान कुणाला दिसतसुद्धा नाही.

उलट टोकही बरं नव्हे. आपल्या इंदूरात भंवरकुआँला गेलं की कोचिंगचे फलकच फलक. जागा थोड्या, बसणारे हजारो. ‘तू काहीही करू शकतोस’ असं सरसकट सांगणं म्हणजे मुलाशी खोटं बोलणं. विश्वास ही निकालाची हमी नाही. प्रयत्न पूर्ण माझा, फळ सद्गुरूंच्या चरणी, एवढाच त्याचा अर्थ. मीपणा सुटतो तो इथेच.

म्हणून एक विनंती. या आठवड्यात घरातल्या मुलाला किंवा मुलीला एक काम पूर्ण सोपवा. बँकेचं असो, प्रवासाचं तिकीट असो, नाहीतर केंद्रातल्या प्रसादाचा हिशेब असो. मध्ये हात घालू नका. चुकलं तर त्यांनाच दुरुस्त करू द्या. आणि उद्या ती मुलं खचली, तर हीच केलेली कामं त्यांना आठवून द्या. जांबवंतांनी एवढंच केलं होतं. उडी मारुतिरायांनीच मारली.

जय गुरुदेव 🙏