दत्तक बालक आणि गृहस्थाची कृतज्ञता

गृहस्थाश्रमात अन्न, वस्त्र, धन, आप्त, अपत्ये जे जे लाभते ते ते मनुष्य ‘माझे’ म्हणून जवळ करतो. विचार केला असता यांपैकी एकही वस्तू त्याने स्वतः निर्माण केलेली नसते. श्रीमद्भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, सर्व योनींत जी जी शरीरे उत्पन्न होतात, त्यांची माता प्रकृती असून बीज देणारा पिता ते स्वतः आहेत. हे तत्त्व ज्या गृहस्थाच्या अंतःकरणात ठसले, त्याच्या घरी औरस आणि दत्तक हा भेद फार काळ टिकत नाही. एक बालक मातेच्या उदरातून आले, दुसरे घराच्या दारातून आले. पिता दोघांचा एकच.

तथापि व्यवहारात हा भेद राहतो, आणि भरल्या घरात तो अधिक जाणवतो. समजा, आजी-आजोबा, काका-काकू आणि चार-पाच मुले अशा कुटुंबात आईबापांचे छत्र हरपलेली दोन भावंडे दत्तक आली. पंगतीत बसल्यावर ती ताटाकडे पाहत नाहीत, वाढणाऱ्याच्या मुद्रेकडे पाहतात. दुसरी पोळी मागावी की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. अशा वेळी घरातील कोणी वडीलधारे सहज बोलून जाते, ‘आपण नसतो तर यांचे काय झाले असते?’ हे बोल दयेचे वाटतात; परंतु त्या क्षणी त्या मुलांचे घर धर्मशाळा होऊन जाते. कृतज्ञता हा सद्गुण खराच. पण या घरात ती कोणी बाळगावी, याचा विचार झाला पाहिजे.

ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाचे आख्यान आहे. अजीगर्त नावाचा क्षुधेने पीडलेला ऋषी होता. त्याला तीन पुत्र. हरिश्चंद्र राजाच्या पुत्राऐवजी यज्ञात बळी देण्यासाठी एक मुलगा हवा होता. पित्याने थोरल्याला धरून ठेवले, मातेने धाकट्याला. मधला शुनःशेप शंभर गाईंच्या मोबदल्यात विकला गेला. त्याला यूपाला बांधण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन पित्यानेच त्याला बांधले. शुनःशेपाने देवतांची स्तुती केली आणि त्याचे पाश गळून पडले. मुक्त होताच तो विश्वामित्रांच्या मांडीवर जाऊन बसला. अजीगर्ताने त्याला परत मागितले, तेव्हा हा देवांनी मला दिला आहे असे म्हणून विश्वामित्रांनी ते नाकारले. त्यामुळे त्याचे नाव देवरात, म्हणजे देवाने दिलेला, असे पडले.

विश्वामित्रांचे घर लहान नव्हते; त्यांना शंभरांहून अधिक पुत्र होते. आख्यानातील मर्म येथेच आहे. शुनःशेपाने पित्याच्या शब्दावर समाधान न मानता त्याच्या पुत्रांचीही संमती विचारली. ज्याला जन्मदात्यांनी सोडले, त्याला केवळ आश्रय पुरणारा नव्हता. भावंडांचा सद्भाव हवा होता. थोरल्या पन्नास पुत्रांना हे रुचले नाही. मधुच्छंदाने मात्र धाकट्या पन्नास भावांसह देवराताला आपला ज्येष्ठ म्हणून मान्य केले. आपले स्थान दुसऱ्याला देणाऱ्या या मधुच्छंदाचीच सूक्ते ऋग्वेदाच्या आरंभी आहेत. देऊन त्याचे काही उणे झाले नाही.

‘देवरात’ या नावातच कृतज्ञतेची दिशा आहे. बालक देवाने दिले असेल, तर घेणारे कुटुंब ऋणी ठरते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, देवांनी दिलेले भोग त्यांना अर्पण न करता जो एकटाच भोगतो तो चोर होय, आणि यज्ञ करून उरलेले जे सेवन करतात ते पापमुक्त होतात. ज्या घरात आपल्या वाट्यातील खोली, वेळ आणि माया नव्या भावंडाला दिली जाते, त्या घरात हा यज्ञ प्रत्यही चालतो. एवढ्या माणसांना कसे पुरेल ही चिंता स्वाभाविक आहे. श्रद्धा म्हणजे धान्य आकाशातून पडेल ही अपेक्षा नव्हे. कर्ता पुरुष प्रामाणिकपणे कष्ट करतो, गृहिणी विचाराने खर्च करते, मुले वाटून घेतात आणि फळ भगवंतांवर सोपवितात, हीच श्रद्धा.

मग दत्तक मुलाच्या मनात कृतज्ञता येत नाही काय? येते, परंतु न मागता येते. महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्णांनी कर्णाला ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ केले. कर्णाने राधेचे वात्सल्य स्मरले. तिला त्याला पाहून पान्हा फुटला, तिने त्याचे मलमूत्र काढले. अधिरथाने त्याचे संस्कार केले. अखिल पृथ्वीसाठीही हे नाते खोटे करणार नाही, असा त्याचा निश्चय होता. राधेने उपकार मोजले असते, तर हे उत्तर निघाले नसते. दुसरीकडे, कर्णाच्या जन्माचे सत्य त्याच्या भावांना युद्ध संपल्यावर कुंतीकडून कळले. दडविलेल्या सत्याचे मूल्य अखेर सर्व कुळाला द्यावे लागते.

कायद्यानेही या बाबतीत संदेह ठेवलेला नाही. 1956च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार दत्तविधानाच्या दिवसापासून मूल सर्व अर्थांनी त्या घरचे होते, आणि मुलीलाही दत्तक घेता येते. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार दत्तक घेतलेल्या मुलालाही वारसाहक्कासह सर्व हक्क मिळतात. परंतु हक्क कागदाने मिळतो. आपलेपण घरातील माणसांनीच द्यावे लागते.

यासाठी अशा कुटुंबाने काही नियम पाळावेत.

1. मुलाजवळ उपकाराचा उच्चार कधीही करू नये; रागाच्या भरात तर मुळीच नाही.

2. मूल घरी येण्यापूर्वी मोठ्या मुलांना विश्वासात घ्यावे आणि त्यांच्या शंका न रागावता ऐकाव्यात.

3. त्याचा पूर्ववृत्तांत त्याच्या वयास झेपेल अशा शब्दांत, प्रेमाने, आईबापांनीच सांगावा. जन्मदात्यांविषयी कटू बोलू नये.

4. वाढताना, कपडे घेताना, शिक्षा करताना आणि संपत्तीची वाटणी करताना हात समान असावा.

5. सायंप्रार्थनेत आभार मानावयाचे ते भगवंतांचे, सर्वांनी मिळून.

दुसरी पोळी हक्काने मागण्याचे धैर्य ज्या दिवशी त्या मुलाला येईल, त्या दिवशी कुटुंबाची सेवा भगवंतांस पावली असे समजावे. विश्वपित्याने आपले मूल ज्या घरावर विश्वासून सोपविले, त्या घराने त्या विश्वासास पात्र व्हावे, हीच त्याची खरी पूजा आहे.