काय हा अवतार!

मराठीत ‘अवतार’ या शब्दाला दोन टोकं आहेत. एकीकडे विष्णूचे दहा. दुसरीकडे विस्कटलेले केस आणि चुरगळलेला सदरा पाहून आईला दिसणारा अकरावा: ‘काय हा अवतार करून घेतलायस!’ गंमत अशी, की हा अकरावा झाकणाऱ्या तंत्राचं नावही अवतारच आहे.

समजा, बंगळुरात के. आर. पुरमच्या टांगत्या पुलाजवळ भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा माण तालुक्यातल्या आईला व्हिडिओ कॉल करतो. तिच्याकडे रेंज जेमतेम. नेहमीच्या कॉलमध्ये चित्र सतत पाठवावं लागतं, म्हणून ते अडखळतं. अवतारात चेहरा एकदाच जातो. पुढे डोळे, भुवया, ओठ किती हलले याचे आकडे तेवढे जातात आणि आईचा फोन त्यांवरून चेहरा रेखाटत राहतो. एमपेग-४ या प्रमाणाने गेल्या शतकाच्या अखेरीसच अशा हालचालींची ६८ परिमाणं ठरवली होती. २०२० मध्ये एनव्हिडियाने हाच विचार खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यापर्यंत नेला.

पण मूळ फोटो महिन्यापूर्वीचा असेल, तर आजची वाढलेली दाढी आईला दिसणार नाही. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, तरी त्या ६८ परिमाणांत पाण्याला जागा नाही.

मग ही फसवणूक म्हणायची का? पिंगुळीची कळसूत्री बाहुली कुणाला फसवत नाही. ती बाहुली आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. कार्टूनचा अवतारही तितकाच प्रामाणिक. अडचण हुबेहूब चेहऱ्याची आहे. अडखळलेलं चित्र आपण अडखळलो हे कबूल करतं; हा चेहरा न आलेलं अंदाजाने भरतो आणि भरल्याचं सांगत नाही.

लपवाछपवी नवी नाही. ‘इकडील सर्व क्षेम’ असं पत्रात लिहिणारे सगळेच क्षेम नसायचे. पण ते खोटं लिहिणाऱ्याचं स्वतःचं असे. आईला काळजी नको, हे त्याने ठरवलेलं असे आणि त्याचा भारही तोच वाहत असे. इथे मुलाने काही लपवलेलं नाही, आईने काही विचारलेलं नाही, तरी मधल्यामध्ये क्षेम लिहिलं गेलं.

म्हणून रेंज नसेल तेव्हा नुसता आवाज बरा, किंवा उघडउघड चित्र वाटणारं चित्र. आवाजातला कंप आईला कळतो. हुबेहूब चेहराच हवा असेल, तर तो रेखाटलेला आहे हे पडद्यावर लिहिलेलं असावं, आईला वाचता येईल अशा भाषेत.